आमच्या वह्या रद्दीत घालू नका
मराठी अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांना आणि सदस्यांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रवेशासाठी तुमच्या महाविद्यालयात आले होते. काम आटोपलं आणि सवयीनं पाय मराठी विभागाकडे वळले. व्हरांड्यात भिंतीला टेकवून दोन पोती ठेवली होती. एकाचं तोंड सुतळीनं नीट आवळलेलं नव्हतं, त्यातून एक वही अर्धी बाहेर आली होती. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, कोपऱ्यात हळदीचा डाग. तो डाग माझ्या आजीच्या अंगठ्याचा. वही माझीच होती.

शिपाईदादांकडून कळलं की 'मिथक आणि साहित्य' हा एम.ए.च्या तिसऱ्या सत्रातला ऐच्छिक पेपर बंद झाला आहे. त्याचं कपाट रिकामं करायचं आहे आणि वह्या रद्दीवाल्याला द्यायच्या आहेत. सूचनाफलकावर पाहिलं तर एक ओळ होती: सदर अभ्यासपत्रिका पुढील सत्रापासून रद्द करण्यात येत आहे. खाली सही आणि शिक्का. कारण कुठेच नाही.

हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. महाविद्यालयाचं नाव मी लिहीत नाही. त्या इमारतीनं मला फार दिलं आहे, तिचं नाव चव्हाट्यावर आणायचं नाही. ज्यांना लिहिते आहे त्यांना कळेल. बाकीच्या नागपूरकरांनी विषय समजून घ्यावा, एवढ्यासाठी पत्र खुलं ठेवलं.

मी पूर्व नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. बी.एड. करून नोकरीला लागले, संसारात पडले आणि चौतिसाव्या वर्षी एम.ए.ला नाव घातलं. सकाळचे माझे तास संपवून दुपारी तुमच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसायचे. हा पेपर शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर तीन उभे रकाने आखले आणि वर लिहिलं: घर, पोथी, लेखक. प्रत्येकानं एक वही करायची. आपल्या घरात, मोहल्ल्यात सांगितली जाणारी गोष्ट किंवा गाणं पहिल्या रकान्यात लिहायचं. जसं ऐकलं तसंच, शुद्ध न करता, आणि कुणी सांगितलं तेही लिहायचं. मग तीच गोष्ट जुन्या ग्रंथात शोधायची. मग ती घेऊन आजच्या लेखकानं काय केलं ते पाहायचं. सत्रभराचा अभ्यास म्हणजे ती वही.

मी आजीकडे गेले. आजी उमरेडकडची. ती खलबत्त्यात हळद कुटत होती आणि मी भुलाबाईची गाणी विचारत होते. गोष्ट आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे. सारीपाटात पार्वती जिंकते, शंकर रुसून रानात निघून जातो, मग ती भिल्लिणीचं रूप घेऊन त्याला परत आणते. आजीच्या गाण्यात मात्र पार्वती रानात निघण्याआधी शेजारणीच्या दारात उभी राहते आणि तिचं जुनं लुगडं उसनं मागते, कारण आपल्या भरजरीत भिल्लीण शोभणार नाही. दुसऱ्या रकान्यासाठी मी 'शिवलीलामृत' काढलं. श्रीधरस्वामींनी १७१८ साली लिहिलेल्या त्या पोथीच्या चौदाव्या अध्यायात हीच कथा आहे, पण त्यात शेजारीण नाही. मी आजीला जाऊन म्हटलं, पोथीत असं नाही. तिनं वही हातात घेतली, तेव्हाच तो डाग पडला. "पुस्तकात काहीबी असू दे वो, आमच्या गावात असंच म्हन्तात," एवढंच बोलली आणि वही परत दिली.

देवीला उसनं लुगडं लागतं हे उमरेडकडच्या बायांना सुचलं, कारण उसनं मागणं त्यांच्या रोजच्या जगण्यात होतं. माझ्या वहीतला 'लेखक' हा रकाना रिकामा राहिला. सर म्हणाले, राहू दे, कुणीतरी लिहील. आजी आता नाही. ते गाणं तिच्या तोंडून उतरवून घेतलेलं त्या एकाच वहीत आहे.

माझ्या बाकावर नागपुरातल्याच इंदोऱ्याची मैत्रीण बसायची. तिच्या पहिल्या रकान्यात नाग नदी होती. तिचे आजोबा १९५६ साली दीक्षाभूमीवर होते. १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरच का निवडलं ते सांगितलं. नाग लोकांनी बौद्ध धर्म पसरवला, आर्यांनी त्यांचा छळ केला, त्यातल्या एका नागाला अगस्ती मुनींनी वाचवलं, आपण त्याचे वंशज आणि या शहरातून वाहणारी नदीही नागच. हे आजोबांनी कानानं ऐकलेलं, त्यांनी मुलाला सांगितलेलं, मुलानं नातीला. मग तिनं महाभारताचं आदिपर्व उघडलं. खांडववन पेटतं, कृष्ण आणि अर्जुन दोन बाजूंना उभे राहतात आणि बाहेर पडू पाहणाऱ्या जिवाला बाणानं परत आगीत लोटतात. वाचतात ते सहा: तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मय दानव आणि शार्ङ्गक पक्ष्यांची चार पिल्लं. तक्षक त्या दिवशी कुरुक्षेत्राकडे गेला होता म्हणून जगला. पुढे त्याच्याच दंशानं परीक्षित मरतो, त्याचा मुलगा जनमेजय सर्पसत्र मांडतो आणि त्या सत्राच्या मांडवात वैशंपायन महाभारत सांगतो. सत्र थांबवतो आस्तीक. त्याची आई नागांची.

मैत्रिणीनं हे वर्गात वाचून दाखवलं आणि मध्येच थांबली. "म्हणजे आम्हाला जाळायला घेतलं होतं तेव्हा हे सगळं सांगितलं गेलं," ती म्हणाली. वर्ग गप्प झाला. मी लहानपणापासून महाभारत ऐकत आले, घरी पोथीही वाचली होती. ते कुठल्या मांडवात सांगितलं जातंय, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तिच्या तिसऱ्या रकान्यात इरावती कर्वे होत्या. 'युगान्त' १९६७ सालचं. त्यातल्या 'मयसभा' या लेखात त्या खांडववनाच्या जळिताकडे पाहतात आणि त्या क्रौर्यावर पांघरूण घालत नाहीत. बाबासाहेबांचं भाषण त्याच्या अकरा वर्षं आधीचं. एकाला लाखोंच्या समुदायाला नवी ओळख द्यायची होती, दुसरीला पुण्यात बसून महाभारतातली माणसं समजून घ्यायची होती. दोघांनीही जळणाऱ्यांच्या बाजूनं हिशोब मागितला. पुढे अरुण कोलटकरांनी सर्पसत्रावर इंग्रजीत दीर्घ काव्य लिहिलं, ते २००४ साली आलं. एका कथेनं इतक्या वेगवेगळ्या माणसांना हात धरून लिहायला बसवलं, हे मला तुमच्याच वर्गात कळलं. ज्या शहराचा आधुनिक इतिहास एका पुराणकथेच्या नव्या वाचनाशी असा जोडलेला आहे, त्या शहरात हा पेपर नको, असं कोणाला कसं वाटू शकतं?

तिसरी वही सालेकशाच्या एका गोंड मुलाची. त्याच्या रकान्यात गोंडांचं तीर्थस्थान कचारगड होता. गुहेत कोंडलेल्या गोंडांना त्यांचा आदिपुरुष लिंगो सोडवतो ती कथा. त्यानं 'पोथी' हा शब्द खोडून तिथं 'परधान' लिहिलं, कारण त्यांच्याकडे कथा परधानाच्या, म्हणजे ती गाऊन सांगणाऱ्याच्या, गळ्यात राहते. या गाण्याची एक छापील आवृत्ती नागपूरच्याच कामातून आली आहे, हेही त्यानंच आम्हाला सांगितलं. इथे राहणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या पाद्र्यानं ती उतरवून घेतली. तो १८६३ साली वारला आणि त्याचे कागद रिचर्ड टेंपलनं १८६६ साली छापले. माणूस गेल्यावरही त्याचे कागद कुणीतरी जपले म्हणून लिंगोचं ते गाणं आज वाचता येतं. तुमच्या व्हरांड्यातल्या पोत्यांकडे पाहताना मला हेच आठवत होतं.

दिवाळीच्या आधी सर आम्हाला एसटीनं रामटेकला घेऊन गेले. भाडं ज्याचं त्यानं भरलं. गडावर आधी मेघदूताचा पहिला श्लोक वाचला: रामगिरीचे आश्रम, सीतेच्या स्नानानं पावन झालेलं पाणी. हा रामगिरी म्हणजे रामटेकच, हे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. एवढं सगळेच वाचतात. सर आम्हाला पुढे लक्ष्मणाच्या देवळात घेऊन गेले. तिथं यादवकाळातला शिलालेख आहे, पुष्कळ झिजलेला. त्यात शंबूकाचा उल्लेख आहे. गडावर धूम्रेश्वराचं ठाणं आहे आणि ते शंबूकाचंच, असं परंपरा मानते. शूद्र असून तप केलं म्हणून रामानं ज्याचा वध केला, त्याची जागा रामाच्याच गडावर. आधी त्याला हात जोडा, मग रामाला, असं जुनी माणसं सांगत आली.

पायऱ्यांवर बसून सरांनी दोन उतारे वाचले. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात शंबूक आपण शूद्र असल्याचं सांगतो आणि बोलता बोलताच त्याचं शीर उडतं, देव फुलं टाकतात. दुसरा उतारा भवभूतीच्या उत्तररामचरिताचा. भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या नाटकात रामाचा हात उठत नाही. तो आपल्या उजव्या हाताशीच बोलतो: गरोदर सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तू हात, तुला कुठली दया? मग वार होतो. आणि तोच शंबूक दिव्य रूपात समोर येऊन रामाला जुन्या ओळखीच्या वनातून वाट दाखवत नेतो.

मिथकाचा साहित्यावर परिणाम होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते मला त्या पायरीवर कळलं. शंबूकाचं मरण भवभूतीला बदलता येत नव्हतं, गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मारणाऱ्याचा हात अडखळवणं त्याच्या हातात होतं आणि ते त्यानं सुमारे तेराशे वर्षांपूर्वी केलं. पुढे आपल्या दलित कवींनी शंबूक आणि एकलव्य यांना आपल्याच घरातले पूर्वज म्हणून हाक मारली. खांडेकरांनी १९५९ साली ययाती घेतला, शिरवाडकरांनी काही वर्षांनी तोच रंगभूमीवर आणला. प्रत्येकानं ठरलेल्या गोष्टीत आपल्यापुरती जागा शोधली. एम.ए. मराठी झालेल्या मुलाला हे माहीत नसेल तर त्यानं मराठी साहित्य अर्धंच वाचलं.

आता तुमच्या कारणांकडे येते. लेखी काही मिळालं नाही म्हणून तुमच्यापैकी दोघांना फोन केला. दोघेही आपुलकीनं बोलले, त्याबद्दल आभार. त्यांच्या बोलण्यातून तीन कारणं कळली.

मुलं हा पेपर घेत नाहीत, हे पहिलं. मी मुलांना विचारलं. गेली दोन वर्षं हा पेपर आणि माध्यमलेखनाचा पेपर एकाच वेळी लावला आहे. ज्यांना दोन्ही हवे होते त्यांनी साहजिकच दुसरा घेतला. वेळापत्रक तुम्ही केलं आणि संख्या घटल्याचा ठपका विषयावर ठेवला. आणि या निर्णयाआधी शिकणाऱ्या मुलांना, शिकून गेलेल्यांना, शिकवणाऱ्या सरांना कुणीही काही विचारलं नाही. सरांना तर पेपर गेल्याचं फलकावरूनच कळलं. तासिका तत्त्वावरच्या माणसाला एक पत्र देण्याइतकीही दखल घेतली गेली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

दुसरं कारण रोजगाराचं. पौराणिक मालिका लिहिणाऱ्याला, मुलांसाठी बोलत्या कथा तयार करणाऱ्याला, नाटक लिहिणाऱ्याला हाच अभ्यास लागतो, असं मी म्हणू शकते आणि ते खरंही आहे. पण मला हा मुद्दा ताणायचा नाही. पोटापाण्याची काळजी खोटी नाही, माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्याच काळजीत होती. ती काळजी असूनही त्यांनी एम.ए. मराठी निवडलं. त्यांना मराठीच द्यायला नको का?

तिसरं कारण आवाज खाली आणून सांगितलं गेलं: "विषय संवेदनशील आहे हो मॅडम, उगाच वाद नको."

मला वाटतं खरं कारण हेच आहे, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहिते. मी श्रद्धाळू घरातली. माझं लग्न जमेना तेव्हा आईनं माझ्याकडून एकनाथांचं रुक्मिणीस्वयंवर वाचून घेतलं होतं. मी ते मनापासून वाचलं. एम.ए.ला आल्यावर समजलं की एकनाथांच्या आधी, १२९२ च्या सुमारास, महानुभाव कवी नरेंद्रानं रुक्मिणीस्वयंवर रचलं, आणि महदाइसेच्या धवळ्यांत, म्हणजे लग्नगीतांतही, रुक्मिणीचंच लग्न आहे. रुक्मिणी आपल्या कौंडण्यपूरची. दमयंती विदर्भाची, लोपामुद्रा विदर्भाची, रघुवंशातली इंदुमतीही विदर्भाची. इतक्या लेकी आपल्या मातीतून पुराणात आणि काव्यात गेल्या. हे सगळं कळल्यावर माझी श्रद्धा तसूभरही कमी झाली नाही. उलट रुक्मिणी मला जवळची वाटू लागली. इंदोऱ्याची मैत्रीण, सालेकशाचा तो मुलगा आणि मी एका वर्गात बसून एकमेकांच्या देवांबद्दल सत्रभर बोललो. एकदाही वाद झाला नाही. ज्याची त्याची वही समोर होती, ज्यानं सांगितलं त्याचं नाव वहीत होतं.

वर्ग बंद केला म्हणून हा विषय मुलांच्या डोक्यातून जाणार नाही. माझी अकरावीची पोरं रोज मोबाइलवर आलेलं घेऊन येतात. कर्णाचा जन्म अमुक तारखेचा, रावणाचं विमान अमुक ठिकाणी सापडलं. सगळं ठामपणे, कुणाचंही नाव नसलेलं. मागच्या वर्षी एकाला मी म्हटलं, लक्ष्मणरेषा आपण रोज बोलतो, पण वाल्मीकींच्या रामायणात ती रेषाच नाही. त्याला आधी राग आला. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं विचारलं, मग ती कुणी ओढली, मॅडम? हा प्रश्न विचारता यावा म्हणून हा पेपर आहे. तो प्रश्न मी अकरावीच्या वर्गात उभा करू शकले, कारण मी तुमच्याकडे शिकले. पुढच्या वर्षी शिक्षक होऊन बाहेर पडणाऱ्यांना तो कुठे मिळेल?

माझ्या मागण्या साध्या आहेत. पेपर परत घ्या, ऐच्छिकच ठेवा, आणि वेळापत्रकात अशा ठिकाणी ठेवा की मुलांना तो घेता येईल. ज्या सभेत तो रद्द झाला त्या सभेचं इतिवृत्त फलकावर लावा. कारण संवेदनशीलतेचं असेल तर तसं लिहा, म्हणजे आम्हालाही त्यावर नीट बोलता येईल. सरांना त्यांच्या तासिकांबद्दल लेखी कळवा. अभ्यासक्रमात रामटेकची सहल ठेवा आणि एसटीचं भाडं विभागानं द्यावं. लिंगोची कथा सांगायला गोंड जाणकाराला मानधन देऊन बोलवा. ती कथा आम्ही पुस्तकातून शिकवू नये. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांना मारबतीच्या, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीला घेऊन जा. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणत लोक जिच्यामागे चालतात, तिच्यात पूतना का पाहतात, आणि मराठीत पूतनेला मावशी का म्हणतात, हे त्यांना तिथं उभं राहून एकमेकांना विचारू द्या. इतकी जुनी, इतकी जिवंत गोष्ट शहराच्या रस्त्यावर चालत असताना आपल्या मुलांनी ती नुसती फोनमध्ये टिपून घरी यावं, हे मला बघवत नाही.

वह्यांचं मात्र तातडीचं आहे. ती पोती रद्दीवाल्याला देऊ नका. प्रत्येक वही स्कॅन करा, मूळ वह्या ग्रंथालयात ठेवा आणि ज्यांच्या घरातून गाणी आली त्यांना एक प्रत द्या. मनुष्यबळ नसेल तर आम्ही माजी विद्यार्थी येतो. तेरा जणांशी माझं बोलणं झालं आहे, त्यातले नऊ जण सुट्टीच्या दिवशी यायला तयार आहेत. स्कॅनर माझ्या घरी आहे, तो घेऊन येईन.

मी माझी वही पोत्यातून काढून नेलेली नाही. शिपाईदादा म्हणाले होते, "घेऊन जा ना मॅडम, कोन विचारते." पण ती नेली असती तर बाकीच्या वह्या तिथंच राहिल्या असत्या. मी ती आत सरकवली आणि सुतळी आवळून गाठ मारली. शनिवारी दुपारी दोन वाजता मी आणि बाकीचे विभागात येत आहोत. तोवर पोती तिथंच असू द्यावीत, ही विनंती.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी,
नागपूर